बुकिंग नाही, हुकअप (वीज-पाण्याची जोडणी) नाही: अमेरिकेत सरकारी जमिनीवर तंबू टाकायचा तर

ग्रँड कॅनियनच्या साउथ रिमवरच्या मेदर कॅम्पग्राउंडचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि लाँग वीकेंड असेल तर चहा गाळून होईपर्यंत संपलेलं असतं. मग कोणी महागडं मोटेल घेतं, कोणी प्लॅनच रद्द करतं. गंमत म्हणजे त्याच पार्कच्या गेटबाहेर, टुसायान गावाजवळ, कायबाब नॅशनल फॉरेस्टमधल्या फॉरेस्ट रोड ३०२ सारख्या कच्च्या रस्त्यांवर लोक आपापले तंबू टाकून एक पैसा न देता मस्त झोपलेले असतात, आणि ते सगळं कायदेशीर असतं. याला इथे डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात, आरव्हीवाले, म्हणजे चाकांवरचं घर घेऊन फिरणारे, याला बूनडॉकिंग म्हणतात. आमच्या फिनिक्सकडच्या मराठी मंडळींमध्ये याबद्दल सारखी विचारणा होते म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी जमिनीचं सांगते कारण सगळं त्याच्यावर आहे. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, हे केंद्र सरकारचं खातं, त्याच्या ताब्यात साधारण २४.५ कोटी एकर जमीन आहे, त्यात तीन महाराष्ट्र बसतील आणि वर थोडी जागा उरेल. शिवाय फॉरेस्ट सर्व्हिसची १९.३ कोटी एकर वेगळी. यातला बराचसा भाग पश्चिमेकडे आहे, ॲरिझोना, युटा, नेवाडा, कॅलिफोर्निया, कोलोराडो वगैरे. या जमिनीवर जिथे मनाईचा बोर्ड किंवा आदेश नाही तिथे साधारणपणे कॅम्प करता येतो, रिझर्वेशन लागत नाही. पण नॅशनल पार्क म्हणजे नॅशनल फॉरेस्ट नव्हे बरं का. पार्कात रस्त्याकडेला गाडी लावून झोपलात तर रात्री रेंजर काचेवर टकटक करून दंड फाडेल.

मिळणार काय नाही तेही ऐका. नळ नाही, संडास नाही, कचऱ्याचा डबा नाही, टेबल नाही, दिवा नाही, शेजारी कॅम्प होस्ट नाही, फोनला बहुतेक वेळा रेंज नाही. ज्यांना हे वाचूनच कसंतरी होतंय त्यांनी सरळ पैसे देऊन कॅम्पग्राउंडला जावं, त्यात कमीपणा काही नाही. बाकीच्यांना माझं एकच सांगणं आहे, सामान विकत घेण्यात जेवढा वेळ घालवता त्याच्या निम्मा नकाशा बघण्यात आणि पाण्याचा हिशोब करण्यात घालवा. महागडा तंबू आणि दोन बाटल्या पाणी घेऊन आलेले लोक मी बघितलेत, आणि वॉलमार्टचा स्वस्तातला तंबू घेऊन तीन दिवस मजेत राहिलेलेही.

तर नकाशा. जमीन कोणाची आहे हे दाखवणाऱ्या नकाशांवर रंग ठरलेले असतात, पिवळा म्हणजे बीएलएम, हिरवा म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिस, निळा म्हणजे राज्याची जमीन, पांढरा म्हणजे खाजगी, नारिंगी म्हणजे रिझर्वेशनची, मूळ अमेरिकन जमातींची जमीन. गाया जीपीएस किंवा ऑनएक्स सारख्या ॲपमध्ये हा लेयर चालू करता येतो, रंगांच्या छटा थोड्या इकडेतिकडे असतील पण टॅप केलं की मालक कोण ते दिसतं. आता ॲरिझोनात नवीन लोक हमखास फसतात ते निळ्यावर. स्टेट ट्रस्ट लँड दिसायला अगदी मोकळं वाळवंट असतं, कुंपण पण धड नसतं, पण ती सार्वजनिक जमीन नाही, तिथे रिक्रिएशन परमिट काढावं लागतं. ऑनलाइन मिळतं, फार महाग पण नाही, पण नसेल तर तुम्ही घुसखोर. नारिंगी भागात नॅव्हाहो वगैरे जमातींचं स्वतःचं सरकार आहे, त्यांचे परमिट वेगळे, त्यांच्या जमिनीवर उगाच कुठेही तंबू टाकू नका, ते लोकांच्या परसदारात शिरल्यासारखं आहे. आणि नेवाडा, वायोमिंगमध्ये आय-८० च्या बाजूने नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो, एक मैलाचा चौकोन सरकारी, पुढचा खाजगी, पुन्हा सरकारी. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना एकाआड एक चौकोन दिले होते त्याचा हा परिणाम, तिथे जीपीएसवर स्वतःचा ठिपका बघूनच थांबायचं.

फॉरेस्टमध्ये आणखी एक कागद लागतो, मोटर व्हेइकल यूज मॅप, सगळे त्याला एमव्हीयूएम म्हणतात. रेंजर स्टेशनवर फुकट मिळतो, नाहीतर ॲव्हेन्झा ॲपमध्ये डाउनलोड करा म्हणजे रेंज नसतानाही त्यावर आपली जागा दिसते. दिसायला अगदी रुक्ष, काळा-पांढरा, डोंगर नाही झाडी नाही, पहिल्यांदा बघितला की काहीच कळत नाही. तर असं बघा: प्रत्येक रस्त्याला नंबर असतो आणि काही रस्त्यांच्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी बारीक ठिपक्यांची ओळ दिसते. ते ठिपके म्हणजे या रस्त्यापासून ठरावीक अंतरापर्यंत गाडी आत नेऊन कॅम्प करायला चालेल. अंतर किती ते नकाशाच्या समासात छापलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी ३०० फूट. ठिपके एकाच बाजूला असतील तर एकाच बाजूला परवानगी. ठिपके नसलेल्या रस्त्यावर गाडी रस्त्याच्या कडेलाच ठेवायची आणि तंबू चालत नेऊन टाकायचा, तेही तिथे कॅम्पिंगला बंदी नसेल तर. आणि जो रस्ता या नकाशावर नाहीच, तो जमिनीवर कितीही छान दिसत असला, टायरच्या खुणा असल्या, तरी त्यावर गाडी घालायची नाही.

एवढं करूनही निघायच्या आदल्या दिवशी त्या भागाच्या रेंजर ऑफिसला फोन करा. मी हे दरवेळी सांगते आणि लोक दरवेळी म्हणतात ॲपवर बघितलंय की. ॲपवरचे रिव्ह्यू जुने असतात, मध्ये आग लागून गेलेली असते, रस्ता वाहून गेलेला असतो, जागा बंद झालेली असते. फोनवरची बाई दोन मिनिटांत सांगते की अमुक रोडवर लाकूडतोड चालू आहे, तमुकवर जा.

किती दिवस राहायचं त्याचा नियम बीएलएमवर बहुतेक ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवस, मग तळ हलवायचा आणि थोडाथोडका नाही, बऱ्याच ठिकाणी २५ मैल लांब. फॉरेस्टमध्ये पण १४ दिवस हा आकडा कॉमन आहे पण प्रत्येक फॉरेस्टचं थोडं थोडं वेगळं. आपल्याला दोन रात्रींसाठी जायचं असतं त्यामुळे हे डोक्यात नाही ठेवलं तरी चालतं. रिटायर झालेल्या, आरव्ही घेतलेल्या काका-काकूंसाठी मात्र क्वार्टझाइट आणि युमाकडचे लाँग टर्म व्हिजिटर एरिया आहेत, तिथे परमिटचे पैसे भरून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहता येतं. जानेवारीत तिथे बघण्यासारखी जत्रा असते, क्षितिजापर्यंत नुसत्या आरव्ही.

जागा निवडताना आधी कोणीतरी राहून गेलेली जागा घ्यायची. दगडांचं गोल चूल-रिंगण असतं, जमीन चोपून टणक झालेली असते, तीच. नवीन जागा उघडायची नाही. विशेषतः युटाकडे मोआबच्या बाजूला जमिनीवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो, तो जिवंत असतो, त्यात सूक्ष्म जीव असतात आणि त्यांनीच ती माती धरून ठेवलेली असते. एक पाऊल पडलं तर भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. आणि जागेची लोकांनी वाट लावली की सरकार ती बंद करतं, किंवा परमिट लावतं. कॅलिफोर्नियात लोन पाइनजवळ अलाबामा हिल्स, माउंट व्हिटनी समोर दिसतो ते, तिथे पूर्वी कुठेही थांबा असं होतं. इन्स्टाग्रामवर फोटो फिरले, गर्दी झाली, आता ठरवून दिलेल्या जागांवरच आणि परमिट काढून राहता येतं. परमिट फुकट आहे, पण मोकळेपणा गेला तो गेलाच. म्हणून कृपा करून चांगली जागा सापडली तर तिचं लोकेशन ग्रुपवर टाकू नका, ज्याला द्यायचंय त्याला फोनवर सांगा.

न्यू जर्सीवाले म्हणतील आम्ही काय करायचं, आमच्याकडे बीएलएम नाही. बरोबर, पण वर न्यूयॉर्क राज्यात कॅट्सकिल आणि ॲडिरॉन्डॅक आहेत ना. तिथल्या राज्याच्या जंगलात रस्ता, पायवाट आणि पाणी या तिन्हींपासून १५० फूट लांब तंबू टाकता येतो, किंवा जिथे पिवळी कॅम्पची चकती झाडाला ठोकलेली असेल तिथे. दहापेक्षा कमी माणसं आणि एका जागी तीन रात्रींपर्यंत असेल तर परमिटही लागत नाही. व्हर्जिनियात जॉर्ज वॉशिंग्टन अँड जेफरसन, नॉर्थ कॅरोलायनात पिस्गा ही नॅशनल फॉरेस्ट आहेत, तिथेही चालतं. पण पूर्वेकडे गाडीपासून थोडं चालायची तयारी ठेवावी लागते आणि पाऊस कधीही येतो.

सीझनचं गणित आमच्या ॲरिझोनात सोपं आहे. नोव्हेंबर ते मार्च खाली वाळवंटात, क्वार्टझाइट, कोफा वगैरे, आणि मे ते सप्टेंबर वर, फ्लॅगस्टाफ किंवा मोगोयोन रिमला, सात हजार फुटांवर. हजार मीटर चढलात की तापमान साधारण साडेसहा डिग्री सेल्सियसने उतरतं, त्यामुळे फिनिक्सला ४३ असताना वर पाइनच्या सावलीत तीस-एकतीसच असतं आणि रात्री हाफ स्वेटर लागतो. थंडीत वाळवंटाचा गैरसमज करून घेऊ नका, दिवसा टीशर्टवर फिराल आणि पहाटे बाटलीतल्या पाण्याचा बर्फही झालेला असू शकतो. थंडी अंगाला खालून लागते, म्हणून जाड स्लीपिंग बॅगपेक्षा आधी खालचा पॅड चांगला घ्या, हवेची गादी थंडीत उलटी गार पडते.

जून मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत आमच्याकडे मान्सून. आपल्यासारखा झड लावून नाही पडत, दुपारी एक तासात ढग भरून येतात आणि ओतून जातात. वॉश, म्हणजे कोरड्या ओढ्याचं पात्र, तिथली वाळू सपाट आणि मऊ असते, तंबूला अगदी आदर्श वाटते, तिथे झोपायचं नाही म्हणजे नाहीच. पाऊस वीस मैलांवरच्या डोंगरात पडतो, तुमच्या डोक्यावर चांदण्या असतात आणि पाणी येतं. अशा पावसानंतर कच्चा रस्ता पण विसरा, चिकणमाती टायरला इतकी चिकटते की फोर-व्हील-ड्राइव्ह सुद्धा बाजूला सरकत जाते. एक दिवस थांबून ऊन खाऊन सुकला की निघायचं, त्यासाठी खाणं-पाणी एक दिवसाचं जास्त असावं लागतं.

गाडी कुठली लागते हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. कॅमरी, सिव्हिकवाल्यांनो, तुम्हीही जाऊ शकता. मुख्य फॉरेस्ट रोड बहुतेक ठिकाणी खडी टाकलेले, बऱ्यापैकी असतात, पहिल्या मैल-दोन मैलांत जागा मिळते, फक्त तिथे शेजारी जास्त असतात. जिथे शंका येईल तिथे उतरून चालत बघून यायचं, आणि वळायला जागा दिसल्याशिवाय पुढे घुसायचं नाही. स्पेअर टायर खरा आहे का तेही बघा, हल्लीच्या गाड्यांमध्ये नुसतं पंक्चर किट देतात, त्याने कडेने फाटलेला टायर दुरुस्त होत नाही. भाड्याची गाडी असेल तर करार वाचा, कच्च्या रस्त्यावर नेली तर इन्शुरन्स लागू नाही असं बऱ्याच करारांत लिहिलेलं असतं आणि टो ट्रक जंगलात यायचं बिल हजारात जाऊ शकतं.

अंधार पडायच्या किमान दोन तास आधी पोचा. हे मी ठळक अक्षरांत लिहिलं असतं जमलं असतं तर. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर पाचला निघून नऊला जंगलात जागा शोधणं यासारखा मूर्खपणा नाही, अंधारात उतार कळत नाही, फुटलेल्या काचा दिसत नाहीत, दुसऱ्याच्या कॅम्पमध्ये हेडलाइट मारत फिरता ते वेगळं. सुट्टी नसेल तर शुक्रवारी जवळच्या गावात झोपा आणि शनिवारी सकाळी आठला जंगलात जा, तेव्हाच आधीचे लोक निघत असतात. आणि नकाशावर तीन जागा खुणा करून ठेवा, पहिली भरलेली असणारच.

आता पाणी. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, हे कमीत कमी. आपल्या लोकांना हात धुवायला, भांड्यांना, संडासला पाणी लागतं म्हणून मी माणशी दोन गॅलन धरते. चार माणसं, दोन दिवस, झाले १६, वर चार गॅलन राखीव. २० गॅलन म्हणजे ७५ किलो वजन होतं, म्हणून सात गॅलनचे तीन निळे कॅन घ्या आणि गाडीच्या मागच्या सीटच्या पाठीला लागून खाली ठेवा, टपावर नाही. तोटी असलेला कॅन डिकीच्या काठावर आडवा ठेवला की नळ तयार. भांडी अशी धुवायची: आधी पोळीच्या तुकड्याने किंवा पेपर नॅपकिनने ताट पुसून कोरडं करायचं, मग स्प्रेच्या बाटलीत दोन थेंब साबण घातलेलं पाणी मारायचं, पुसायचं, मग साध्या पाण्याचा स्प्रे. चार ताटं-वाट्या एका लिटरात होतात, खरंच. राहिलेलं धुवण गाळून, शितं कचऱ्यात टाकून, पाणी ओढ्या-तळ्यापासून २०० फूट लांब शिंपडून टाकायचं.

ॲरिझोनात एक नियम खूप जणांना माहीत नसतो. गुरांसाठी किंवा जनावरांसाठी केलेला पाण्याचा टाका किंवा पाणवठा दिसला तर त्याच्यापासून पाव मैलाच्या आत कॅम्प करायला कायद्याने बंदी आहे, कारण तुम्ही तिथे बसलात तर हरणं, गुरं पाण्यावर येत नाहीत. आणि कुंपणाचं गेट जसं होतं तसं ठेवा, बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं.

जेवणाबद्दल माझं मत ठाम आहे, तिथे जाऊन पनीर मखनी करायची नाही. पहिल्या दिवशी घरून केलेलं, थेपले, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी. संध्याकाळी मेतकूट-भात किंवा खिचडी. सकाळी दडपे पोहे, त्याला गॅसच लागत नाही, फोडणी घरून डबीत न्यायची, पातळ पोहे, कांदा, ओलं खोबरं, लिंबू, दहा मिनिटं दडपून ठेवले की झालं. डाळ मात्र कुकरशिवाय शिजवायला जाऊ नका. सात हजार फुटांवर पाणी साधारण ९३ डिग्रीलाच उकळतं, तुरीची डाळ पातेल्यात तासभर गडगडत राहील आणि टणकच राहील. छोटा तीन लिटरचा कुकर न्या, घरच्यापेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त करा. पहिल्या शिट्टीला पलीकडच्या कॅम्पमधला कुत्रा भुंकतो आणि कोणीतरी येऊन विचारतं सगळं ठीक आहे ना, तेव्हा त्यांना वाटीभर खिचडी द्या.

शेगडीला प्रोपेन घ्या. टेबलावर ठेवायची ती ब्युटेनची चपटी शेगडी पिकनिकला छान पण शून्याच्या आसपास ब्युटेनची वाफच होत नाही, सकाळचा चहा बोंबलला. एक पौंडाचा हिरवा प्रोपेनचा सिलेंडर एका बर्नरवर फुल आचेवर साधारण दोन तास चालतो, दोन रात्रींना दोन पुरतात, तिसरा असू द्यावा. आणि कितीही थंडी असो, शेगडी किंवा गॅस हीटर तंबूत घेऊन झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

संडास. यावर लोक लाजतात म्हणून स्पष्ट लिहिते. पाणी, पायवाट, कॅम्प यांच्यापासून २०० फूट म्हणजे साधारण सत्तर-ऐंशी पावलं लांब जायचं, छोट्या खुरप्याने सहा ते आठ इंच खोल खड्डा करायचा, नंतर माती टाकून दाबायचा. कागद पुरायचा नाही, वाळवंटात तो सडत नाही, कोल्हे उकरून काढतात आणि मग झुडपांवर पांढरी निशाणं फडकत असतात. झिपलॉकमध्ये परत आणायचा. इथे आपली सवय कामाला येते, पिळायची बिडे बाटली चार-पाच डॉलरला मिळते, कागदाचा प्रश्नच मिटतो. मोआबकडे बऱ्याच जागी खड्डाही चालत नाही, सगळं पिशवीतून परत न्यावं लागतं, त्यासाठी जेल पावडर असलेल्या पिशव्या मिळतात, त्या झाकणाच्या बादलीत लावल्या आणि वर संडाससीट बसवली की आई-बाबांना बसता येतं. भारतातून आलेले सासू-सासरे बरोबर असतील तर ही बादली आणि तिच्याभोवती उभा करायचा छोटा तंबू यावर खर्च करा, बाकी कशावर नाही केला तरी चालेल. गुडघे दुखणाऱ्याला खड्ड्यावर बसवणं बरं नाही.

शेकोटीची आधी परवानगी बघायची. मे-जूनमध्ये आमच्याकडे जवळपास दरवर्षी बंदी लागते. स्टेज वन म्हणजे जंगलात लाकडाची शेकोटी बंद पण बटण फिरवून बंद करता येणारी गॅसची शेगडी चालू. स्टेज टूला शेकोटी कुठेच नाही, कॅम्पग्राउंडातही नाही, आणि त्याच्या पुढे जंगलच बंद करतात. कॅलिफोर्नियात तर गॅसची शेगडी पेटवायलाही कॅम्पफायर परमिट लागतं, ऑनलाइन फुकट आहे. लाकूड जवळच्या गावातूनच विकत घ्या, घरून नेलेल्या लाकडातून किडे नवीन जंगलात जातात. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता, आणि हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन बघा, ऊब लागली तर विझलेली नाही. तेवढ्यासाठी बादलीभर पाणी वेगळं धरायचं, म्हणूनच ते वरचे चार गॅलन राखीव.

वीज दोन रात्रींसाठी फार लागत नाही, पॉवर बँक आणि हेडलॅम्प पुरे. कोणाला सीपॅप (झोपेत श्वासासाठीचं) मशीन लागत असेल किंवा फ्रिज न्यायचा असेल तरच पाचशे वॉट-अवरचं पॉवर स्टेशन बघा, बारा व्होल्टचा फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला तीनशे-चारशे सहज खातो, मग सोलर पॅनलही आलंच. बर्फाचा कूलर स्वस्त पडतो, आदल्या रात्री पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, वितळल्या की पिता येतात.

फोनला रेंज नसेल हे धरूनच चाला. नकाशे ऑफलाइन करून ठेवा, घरच्या कोणालातरी जागेचे जीपीएस आकडे, गाडीचा नंबर, आणि अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर त्या काउंटीच्या शेरीफला कळव, असं लिहून द्या. आयफोन १४ पासून पुढच्या फोनमध्ये सॅटेलाइटवरून इमर्जन्सी मेसेज जातो पण आकाश मोकळं लागतं. वारंवार जाणाऱ्यांनी गार्मिन इनरीच हे सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र घ्यावं.

आरव्ही भाड्याने घेताय तर सगळा खेळ टाक्यांचा. स्वच्छ पाण्याची टाकी भरून निघा, आंघोळ म्हणजे ओलं व्हा, बंद करा, साबण लावा, धुवा. संडासची काळी टाकी जमिनीवर रिकामी करणं गुन्हा आहे, सिंकची राखाडी टाकीही बहुतेक ठिकाणी नाहीच. ट्रक स्टॉप आणि मोठ्या कॅम्पग्राउंडांत पैसे देऊन डंप करता येतं, रबरी हातमोजे न्या. जनरेटर रात्री लावू नका, शांतता ऐकायलाच तर आलेले असतात लोक.

जनावरांची भीती असते त्याहून कमी बाळगा पण अन्न तंबूत ठेवू नका, टूथपेस्ट सुद्धा नाही, सगळं गाडीत लॉक. वर काळी अस्वलं असतात, खाली हावेलिना म्हणजे रानडुकरासारखा प्राणी, दोघांनाही वास कळतो. मोंटाना, वायोमिंगच्या ग्रिझली भागात अन्न बंद करून ठेवणं सक्तीचं आहे आणि अस्वलाचा स्प्रे कमरेला हवा. बूट सकाळी झटकून घाला, विंचू. जिथे दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, साप. जमिनीवर काडतुसांची टरफलं पडलेली दिसली तर ती जागा सोडा, शनिवारी सकाळी तिथे लोक बंदूक चालवायला येणार.

आणि एक खास आपल्यासाठी. युमा, क्वार्टझाइट, ट्यूसॉनच्या भागात फिरताना आय-८, आय-१९ आणि ९५ वर बॉर्डर पेट्रोलचे चेकपोस्ट लागतात, अमेरिकेच्या आतच. नागरिक नसलेल्या १८ वर्षांवरच्या प्रत्येकाने आपला कागद जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे, ग्रीन कार्ड किंवा आय-९४ ची, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीची प्रिंट. एच-४ वर, म्हणजे नवरा-बायकोच्या एच-१बी मुळे मिळालेल्या व्हिसावर असलेल्यांनी आणि पाहुण्या आई-बाबांनीही. एका प्लॅस्टिकच्या पाकिटात सगळ्यांचे ठेवून ग्लव्ह बॉक्समध्ये टाका, जंगलात रेंज नसते तेव्हा ईमेलमधली पीडीएफ उघडेलच असं नाही.

निघताना मुलांना एक पिशवी देऊन रांगेत चालायला लावा, बाटलीची झाकणं, दोरीचे तुकडे, संत्र्याची सालं, हो सालं पण, कोरड्या हवेत ती महिनोन्‌महिने तशीच राहतात. आधीच्या लोकांचा कचराही येईल तेवढा उचला. कचऱ्याच्या पिशव्या दोन घ्या, एकात एक, आणि गाडीच्या आत पायाशी ठेवा, टपावर बांधल्या तर वाऱ्याने फाटून सगळं हायवेभर होतं. पेट्रोल पंपावरच्या छोट्या डब्यात चार माणसांचा दोन दिवसांचा कचरा कोंबू नका, पंपवाला वैतागतो आणि बरोबर वैतागतो. घरी नेऊन आपल्या डब्यात टाका.